गाण्याचं नाव नीट लिहायला काय जातं?

साधा म्युझिक प्लेअर हवा होता. थोडं पायथनमधलं कोडिंग, प्ले-पॉजचं बटण, बाजूला गाण्यांची यादी. आवाज लगेच आला. यादीनं मात्र जीव नकोसा केलाय!

फाइल उघडावी तर शीर्षकात 'ट्रॅक 03'. गायकाच्या जागी डाउनलोड साइटचा पत्ता, अल्बमच्या जागीही तोच. ज्यानं घसा फोडून गायलं त्याचं नाव पुसून स्वतःची पाटी ठोकायचा हक्क दिला कोणी? भीमसेन जोशी, पं. भीमसेन जोशी, पंडित भीमसेन, जोशी भीमसेन: यादीत चार वेगळे गायक! गीतकार, संगीतकार? रकाने रिकामे. नाट्यपद कोणत्या नाटकातलं, हे लिहावंसंही कुणाला वाटत नाही?

आणि देवनागरीचे हाल तर विचारूच नका. एमपी3 फाइलीतच गाण्याची माहिती साठवायची पद्धत म्हणजे आयडी3; तिच्या पहिल्या आवृत्तीत शीर्षकाला जागा 30 बाइटची. अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या यूटीएफ-8 पद्धतीत आपलं एकेक चिन्ह 3 बाइट खातं. काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजायचं. नुसतं 'ज्ञानेश्वर' लिहिलं की 30 संपले! पुढच्या आवृत्त्यांनी सगळ्या लिप्यांना सामावणारं युनिकोड घेतलं, 2000 साली यूटीएफ-8सुद्धा आलं. तरी अजून फायलींत प्रश्नचिन्हांच्या रांगा का? एकदा अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हं साठवली की मूळ नाव गेलं ते गेलंच, कुठल्याही कोडनं परत येत नाही.

आयडी3तल्या संगीतप्रकारांच्या मूळ 80 नावांत युरोपातला पोल्का आहे. अभंग नाही, लावणी नाही, भावगीत नाही. आमची गाणी काय आयुष्यभर 'इतर'मध्येच कुजायची?