तबला वर्गाला एक स्टार देणाऱ्या पालकांना उत्तर

नमस्कार ताई,

तुमचं मन दुखावलं, त्याबद्दल मनापासून दिलगिरी. नवे पालक चौकशीला येण्याआधी हेच अभिप्राय वाचतात आणि आमचं घर या वर्गावरच चालतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

तुमचं म्हणणं असं की, आम्ही रात्री उशिरा मेसेज करून उर्मट भाषेत मुलाची तक्रार केली, तुमच्या संस्कारांवर बोट ठेवलं, चारचौघांत त्याचा अपमान केला आणि वर डग्ग्याचे, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या डाव्या हाताच्या वाद्याचे, पैसे मागितले. वेळेचं म्हणाल तर शेवटची बॅच साडेनऊला सुटते, त्याआधी मी फोन हातात घेत नाही. भाषेचं मात्र फार लागलं. तो मेसेज जसाच्या तसा देतो:

"नमस्कार ताई, उशिरा मेसेज करतोय, क्षमा असावी. आज वर्गात चिरंजीवांकडून डग्ग्यावर पाणी सांडलं. थांबायला सांगितलं, पण त्याने ऐकलं नाही. हात गोड आहे, हल्ली लक्ष जरा कमी वाटतं. आपण त्याच्याशी एकदा शांतपणे बोलून घ्याल का? राग मानू नये, ही विनंती."

यात उर्मट काय आहे, ते खरंच सांगा. मुलगा बाटली दाबून शाईवर, म्हणजे डग्ग्याच्या तोंडावरच्या काळ्या गोलावर, धार सोडत होता, हे सगळ्या बॅचने पाहिलं. तरी मी पाणी सांडलं एवढंच लिहिलं. त्याला बोललो तेही बाहेर जिन्यात नेऊन, आवाज न चढवता. उलट दुसऱ्या दिवशी तुम्ही फोन स्पीकरवर ठेवून, घरातल्या सगळ्यांसमोर मला बोललात. मी ऐकून घेतलं.

मेसेजमध्ये पैशांचा विषयही नाही. "असं किती नुकसान झालं?" हे त्या फोनवर तुम्हीच विचारलंत, तेव्हा पुडीचे, म्हणजे डग्ग्यावरच्या चामड्याच्या तोंडाचे, नऊशे रुपये सांगितले. ते घेतलेले नाहीत. पाणी पुसलं की झालं, असं बऱ्याच पालकांना वाटतं. पण शाई म्हणजे नुसता काळा रंग नव्हे. लोखंडाची भुकटी आणि खळ यांचे थरावर थर देऊन, दगडाने घोटून ती बसवतात. पाणी मुरलं की पापुद्रे सुटतात, डग्ग्याचा घुमारा जातो आणि अख्खी पुडी बदलावी लागते. परीक्षेची मुलं याच जोडीवर रियाज करतात, म्हणून मी लगेच बदलून घेतली.

यापुढे असं काही झालं तर मेसेजऐवजी आधी फोन करीन. बाटल्या बाहेर ठेवायचंही बघतोय.

तुमचा मुलगा तीनतालातला कायदा (ठरावीक बोलांची रचना) दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, स्वच्छ वाजवतो. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या नोव्हेंबर-डिसेंबर सत्रात त्याला प्रवेशिका प्रथम या परीक्षेला बसवायचं माझ्या मनात आहे. फॉर्मची मुदत संपायच्या आत कळवा. बॅचमधली त्याची जागा कुणाला दिलेली नाही. शक्य झाल्यास अभिप्रायाचा पुन्हा विचार व्हावा.

आपला नम्र,
वर्गसंचालक