गिटारच्या तारांना खोबरेल चोळू नका

‘गिटारच्या तारा चीं चीं करतात? रात्री खोबरेल चोळा, सकाळी पुसा, आवाज कायमचा बंद!’ हा निरोप आता भाचीच्या क्लासच्या ग्रुपवरही आलाय आणि तिथली दोन पोरं बाटली घेऊन बसलीसुद्धा आहेत. सोबत आणखी सल्ले आहेत: बोटांना टाल्कम लावा, तारा पॉलिश पेपरने घासा, ट्यूनिंग अर्धा सूर उतरवा. आणि वर ठोकून दिलंय की चांगल्या वादकाची तार कधी चीं करतच नाही.

आधी हा आवाज येतो कुठून ते बघा. स्टीलच्या अकूस्टिक गिटारवर पहिल्या दोन तारा साध्या असतात. तिसरीपासून सहावीपर्यंत पोलादी गाभ्यावर ब्राँझची बारीक तार गुंडाळलेली असते. बोट सरकलं की ते या वेटोळ्यांवरून खडखडत जातं. पाकारिनेन, पेंटिनेन आणि बँक या संशोधकांनी 2007 साली अमेरिकेच्या अकूस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात हे मोजून दाखवलंय. आवाजाचा एक भाग बोटाच्या वेगाबरोबर वरखाली होतो आणि दुसरा तारेच्या लांबीच्या दिशेने होणाऱ्या कंपनांचा असतो, तो वेग बदलला तरी स्थिर राहतो. वेटोळ्याची जाडी 0.4 मिमी धरली आणि बोट सेकंदाला अर्धा मीटर सरकलं, तर पहिल्या भागाचे 1250 हर्ट्झ येतात. वेग निम्मा केला की 625.

आता खोबरेल. हे तेल साधारण 24 अंशांखाली गोठतं. पुण्यात डिसेंबरमध्ये तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते हे ठाऊक असलेली माणसं तेच तेल वेटोळ्यांच्या फटीत कसं भरतात? पुसून निघतं ते वरवरचं. फटीतलं आतच राहतं, त्यात घाम, धूळ आणि मेलेली कातडी चिकटते, तारेचं वजन वाढतं आणि वरचे स्वरांश, म्हणजे मूळ स्वरासोबत वाजणारे बारीक उंच स्वर, मरतात. आवाज कमी झाल्यासारखा वाटतो तो याचमुळे. नवी तार जास्त चीं करते, जुनी कमी; तेलाने तुम्ही चांगली तार एका रात्रीत म्हातारी केलीत. शिवाय ओघळ रोझवूडच्या फ्रेटबोर्डवर, म्हणजे तारांखालच्या लाकडी पट्टीवर, उतरतो, तिथे मुरतो आणि पुढे खवट वास मारतो. कुणी आधीच चोळलं असेल तर सेट बदला. तारा काढल्यावर फ्रेटच्या (त्या पट्टीवरच्या आडव्या धातूच्या कांबींच्या) कडेने जुना मऊ टूथब्रश फिरवा आणि सुक्या सुती फडक्याने पुसा.

अर्धसत्य एवढंच, की तारांसाठी खनिज तेलाची कांडी मिळते आणि तिने घर्षण थोडं कमी होतं. ते तेल गोठत नाही, खवटत नाही. पण तेही एक हात फिरवून लगेच पुसायचं असतं आणि गुण थोडाच वेळ टिकतो. ‘कायमचा’ वगैरे काही नाही.

टाल्कम घाम शोषतं, दहा मिनिटांनी त्याचाच लगदा वेटोळ्यांत बसतो. पॉलिश पेपरने ब्राँझ झिजतं आणि फ्रेटवर ओरखडे पडतात. गुळगुळीत तारच हवी असेल तर ती तशी विकत मिळते: डॅडारिओच्या फ्लॅट टॉप्स, किंवा जाड लेप असलेल्या एलिक्सिर पॉलीवेब. दोन्हींत चमक थोडी जाते, हे आधीच धरून चाला. सूर उतरवण्याचा सल्ला तर निव्वळ अंदाजपंचे आहे. लांबीच्या दिशेची कंपनं ताणावर जवळजवळ अवलंबूनच नसतात. उलट ढिली तार फ्रेटला घासून बझ, म्हणजे झणझण, करायला लागते.

खरा उपाय हातात आहे. आधी दाब सोडा, मग बोट तारेवरून उचला, मग सरका. बहुतेकांचं दाब सोडणं आणि सरकणं एकदम होतं, तिथेच आवाज निघतो. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 60 वर लावा, पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटवरून सातव्यावर जा. चौथ्या ठोक्याच्या शेवटी बोट हवेत हवं. स्वर तुटतोय असं वाटलं तर उचलणं उशिरा करा, जोरात नको. बोट टेकवूनच जायचं असेल तर साध्या तारेवरचं निवडा: डी कॉर्डवरून ए कॉर्डवर जाताना अनामिका दुसऱ्याच तारेवर तिसऱ्यातून दुसऱ्या फ्रेटवर येते, तिथे वेटोळीच नाहीत. बोटाच्या टोकाचा घट्टा खरखरीत झाला असेल तर नखाच्या बारीक कानशीने हलका घासा, आणि सरकताना बोट किंचित कलतं करून गादीचा मांसल भाग तारेवर आणा.

आणि चांगल्या वादकाची तार चीं करत नाही म्हणे. नामांकित वादकांच्या रेकॉर्डिंगमध्ये ही चीं हेडफोनवर स्वच्छ ऐकू येते. रेकॉर्ड करताना माइक डाव्या हाताकडे न रोखता बाराव्या फ्रेटच्या आसपास 20 ते 30 सेंमीवर ठेवा आणि थोडा ब्रिजकडे (तारा खाली अडकवतात त्या पट्टीकडे) वळवा. तरीही एखादी चीं टोचलीच तर तेवढाच तुकडा 3 ते 6 डेसिबल खाली घ्या. सगळी पुसून टाकली की स्वर मधेच कापल्यासारखा वाटतो.