तयारीचा दिवस

जग ज्यांना मॉर्मन म्हणून ओळखते आणि जे स्वतःला 'लॅटर-डे सेंट्स' म्हणवतात, त्यांच्या चर्चच्या तरुण मिशनऱ्यांना आठवड्यातून एक दिवस, बहुधा सोमवारी, प्रचाराच्या कामातून मोकळीक मिळते. तिला सुट्टी म्हणत नाहीत. कुणी चुकून तसे म्हटलेच, तर वरिष्ठ मंडळी सौम्य हसून 'तयारीचा दिवस' अशी दुरुस्ती करतात. उरलेले सहा दिवस परक्या देशातली अनोळखी दारे ठोठावण्यासाठी जे जे लागते, म्हणजे धुतलेले सदरे, भरलेले फडताळ, कापलेले केस आणि थाऱ्यावर असलेले मन, त्या सगळ्याची बेगमी या एका दिवसात करायची असते. आणि तीही संध्याकाळी सहाच्या आत, कारण सहाला पुन्हा टाय बांधून रस्त्यावर हजर व्हायचे असते. असे पुष्कळ सोमवार अनुभवल्यावर माझे ठाम मत झाले आहे की, आठवड्यात विश्रांती म्हणून काही असेलच, तर ती मंगळवारी सुरू होते.

सोमवारी उशिरापर्यंत झोपता येत असेल, अशी एक भाबडी समजूत नातेवाइकांमध्ये आढळते. गजर रोजच्यासारखाच साडेसहाच्या सुमारास होतो. तरुण पुरुषांची ही सेवा चोवीस महिन्यांची असते आणि 2012 पासून अठराव्या वर्षीच तिला निघता येते. अठराव्या वर्षी माणसाला झोप जितकी प्रिय असते तितकी पुढे कधीच नसते, हे नियम करणाऱ्यांना ठाऊक नसेल असे मला वाटत नाही.

पण सोमवारचे खरे दुखणे झोप नसून सोबती आहे. येशूने आपल्या बारा शिष्यांना जोडीजोडीने पाठवले, असे मार्ककृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात लिहिले आहे. त्यांच्यापैकी कोण घोरत असे, याविषयी मात्र मार्कने काहीही लिहून ठेवलेले नाही. आम्हीही दोघादोघांनीच राहतो. सोबत्याने नजरेच्या आणि आवाजाच्या टप्प्यात असावे असा दंडक आहे आणि त्याला मुख्य अपवाद न्हाणीघराचा, त्यामुळे मिशनऱ्यांच्या अंघोळी फार लांबतात. सोबती आपण निवडायचा नसतो. तो मिशन अध्यक्ष नेमून देतात आणि साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्यांची वेळ आली, की तो बदलू शकतो.

मंगळवार ते रविवार या व्यवस्थेचा जाच होत नाही, कारण दोघांचे काम एकच असते. सोमवारी मात्र कामे दोघांची वेगवेगळी आणि पायांच्या दोन जोड्या जाणार एकाच दिशेने, अशी अवस्था होते. मला केस कापायचे असले, तर सोबत्याने केशकर्तनालयात बसून जुनी मासिके चाळायची. त्याला बूट घ्यायचे असले, तर मी दुकानातल्या त्या ठेंगण्या बाकावर बसून राहायचे. बूट हे आमच्या धंद्याचे मुख्य अवजार असल्यामुळे ती खरेदी सहज उरकत नाही. माझा सोबती आधी टाच दाबून पाहतो, मग तळवा वाकवून पाहतो, मग दोन्ही बूट चढवून दुकानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गंभीर चेहऱ्याने चालतो आणि परत आल्यावर मला विचारतो, "कसे वाटतात?" जणू ते माझ्याच पायांत आहेत. त्यानंतर तो तेच बूट अर्ध्या मापाने मोठे मागवतो.

लाँड्रीचे प्रकरण जरा सविस्तर सांगितले पाहिजे. पांढऱ्या सदऱ्याची कॉलर दिवसभर सायकल मारल्यावर आतल्या घडीवर एक करडी रेघ धरते. ही रेघ यंत्राला दाद देत नाही. तिच्यावर आधी साबणाची वडी घासावी लागते, मग जुन्या टूथब्रशने एकाच दिशेने घासत जावे लागते आणि एवढे करून ती नाहीशी होत नाही, फक्त फिकट होते. जुन्या मिशनऱ्याच्या सदऱ्याची कॉलर उलटून पाहिली, तर त्याने किती सेवा केली हे झाडाच्या खोडावरच्या वर्तुळांसारखे मोजता येईल.

हे घासणे चालू असतानाच आमच्या आठवड्यातला सर्वांत मोठा विनोद घडतो. सहा दिवस नीटनेटका टाय बांधून आम्ही लोकांना दोन मिनिटे मागतो आणि दार हळूच लावून घेतले जाते. सोमवारी मळक्या टी-शर्टात, हाताला फेस लागलेला असताना, लाँड्रीतला प्रत्येक माणूस आमच्याशी धर्मचर्चा करू पाहतो. त्याचे कारण उघड आहे. यंत्राचे चक्र संपेपर्यंत त्यालाही दुसरा उद्योग नसतो. एका वृद्ध गृहस्थांना आमच्या चहा-कॉफी न पिण्याविषयी विलक्षण कुतूहल होते. आरोग्याविषयीची ही शिकवण 1833 मधली आहे, तिच्यात दारू आणि तंबाखूही वर्ज्य आहेत, असे मी सांगितले. त्यावर त्यांनी विचारले, "अहो, पण चहा गार करून प्यायला तर?" चालत नाही, म्हटले. "आणि गरम चॉकलेट?" ते चालते, म्हटले. आपण एका संपूर्ण संप्रदायाला कोंडीत पकडले आहे, अशा समाधानाने त्यांनी आपल्या पलंगपोसाची घडी घालायला घेतली आणि दुसरे टोक धरायला माझ्या हातात दिले.

दुपारी घरी बोलायचे असते. 15 फेब्रुवारी 2019 पूर्वी मिशनऱ्याला फक्त नाताळात आणि मातृदिनाला घरी फोन करता येत असे. त्या दिवसापासून आठवड्यातून एकदा बोलण्याची मुभा मिळाली. ही सुधारणा करणाऱ्यांविषयी मला आदर आहे, पण त्यांची माझ्या आईशी ओळख नसावी. पडद्यावर माझा चेहरा उमटताच ती "बारीक झालास" म्हणते. चित्र अजून स्पष्ट झालेले नसते, तरी म्हणते. सोबत्याला मराठी येत नसल्यामुळे त्याच्या देखत त्याच्याचविषयी मोकळेपणाने बोलता येईल, असा माझा हिशेब होता. पण आईने पहिल्याच फोनला त्याला पडद्यासमोर बोलावून घेतले आणि स्वच्छ मराठीत, अधिक मोठ्या आवाजात, मी भाज्या टाकतो हे त्याला समजावून दिले. त्याला नेमके तेवढे समजले. तेव्हापासून तो माझ्या ताटावर लक्ष ठेवून असतो.

फोननंतर पत्र. आठवड्याचे पत्र लिहिणे हे दारे ठोठावण्याहून अवघड आहे, कारण जे घडते ते लिहिण्याजोगे नसते. "मंगळवारी पाऊस होता, कुणी भेटले नाही; बुधवारी पाऊस नव्हता, तरीही कुणी भेटले नाही" हे सत्य असले, तरी त्याने घरच्यांची श्रद्धा वाढत नाही. शिवाय आई हे पत्र सगळ्या नातेवाइकांना पुढे पाठवते. एकदा मी "किंचित कणकण होती" असे लिहिले. दोन दिवसांत ती टायफॉइडपर्यंत पोहोचली आणि एका मावशीने तर मला परत बोलावण्याची तारीखही सुचवली. तेव्हापासून माझ्या पत्रांत हवामान आणि बायबल याखेरीज काही नसते. मिशन अध्यक्षांना लिहायचे पत्र निराळे. त्याच्या आधी, आठवडा संपताना, किती जणांना शिकवले, उपासनेला नवे कोण आले, याचे आकडे कळवून झालेले असतात. आकडे लहान असले, की पत्र आपोआप लांब होते.

एवढ्यात चार वाजतात आणि फोन वाजतो. सोमवारी दोन धडधाकट तरुण मोकळे असतात, ही बातमी शहरात कशी पसरते ते देव जाणे. स्थानिक मंडळीतल्या कुणाला तरी घर बदलायचे असते आणि सेवा म्हटल्यावर नाही म्हणता येत नाही. खोकी, गाद्या, कपाटे आम्ही आनंदाने उचलतो. शास्त्रवचने पाठ करताना जी एकाग्रता येत नाही, ती जिन्याच्या वळणावर सोफा अडकल्यावर येते. या वेळच्या बाईंनी अत्यंत अदबीने विचारले की, पुढच्या सोमवारी थोडे सामान हलवायला याल का. सोबत्याने हो म्हटले. मग त्यांनी सांगितले की, सामान चौथ्या मजल्यावर न्यायचे आहे. मग असे की, काळजी नको, इमारतीला लिफ्ट आहे. आणि आम्ही त्यांचे आभार मानून झाल्यावर, फोन ठेवता ठेवता, असे की, पियानो मात्र लिफ्टमध्ये मावत नाही.