भौगोलिक कारणे द्या

भाच्याची भूगोलाची वही चाळत होतो. प्रश्न होता: 'मुंबई हे नैसर्गिक बंदर आहे. भौगोलिक कारणे द्या.' खाली त्याने तीन ओळी खरडल्या होत्या. किनारा दंतुर आहे. पाणी खोल आहे. वाऱ्यापासून संरक्षण मिळते. बाईंनी पूर्ण मार्क दिलेत आणि द्यायलाच हवेत, एकही ओळ चुकीची नाही. मी सहज विचारलं, "दंतुर म्हणजे काय रे?" तर म्हणतो, "मामा, तसंच लिहायचं असतं."

म्हणून ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

मी उरणचा. मोऱ्याहून (उरणचा धक्का) मुंबईत भाऊच्या धक्क्याला लाँचने जाण्यात निम्मं आयुष्य गेलं. तुम्हा लोकांना मुंबई मरीन ड्राइव्हवरून माहीत, तोंडाकडून. आम्ही ती कायम पाठीकडून बघितली. आणि बंदर आहे ते या पाठीकडेच. पश्चिमेला मुंबईचं बेट आडवं पडलेलं, पूर्वेला आणि उत्तरेला कोकणची मुख्य भूमी, मध्ये सुमारे 400 चौरस किलोमीटर पाणी. तोंड तेवढं नैऋत्येला उघडं. तिथेही कुलाब्याची दांडी आणि तिच्या टोकाचा प्राँग्जचा खडक लाटा अंगावर घेतात. भर पावसाळ्यात बाहेरच्या समुद्रात होडी घालायची सोय नाही. नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय आमच्याकडे कुणी बाहेर पडत नाही. त्या दिवसांत गलबतं सुखरूप ठेवायला असं पाणी पश्चिम किनाऱ्यावर फार थोड्या ठिकाणी आहे.

पण हे पाणी इथे आलं कसं? लाटांनी कोरून नाही. ही बुडालेली जमीन आहे. 1880 साली खुल्या झालेल्या प्रिन्सेस डॉकचं खोदकाम चालू असताना भरतीच्या पातळीच्या बऱ्याच खाली चिखलात झाडं सापडली. खैराची झाडं, आणि त्यातली कितीतरी मुळांवर उभीच. वाहून आलेला ओंडका उभा राहत नाही. म्हणजे जिथे आज जहाजं लागतात तिथे कधीकाळी जंगल होतं, जमीन खचली आणि समुद्र दऱ्याखोऱ्यांत शिरला. उरले ते डोंगरमाथे: घारापुरी, बुचर आयलंड, न्हावा, आमचा द्रोणागिरी आणि खुद्द मुंबईच्या टेकड्या. दंतुर म्हणजे हे. दात दिसतात ते डोंगर आणि फटी म्हणजे खाड्या.

आता माझं खरं भांडण. बंदराचा इतिहास म्हटलं की आपली गाडी 1661 वर येऊन थांबते. पोर्तुगीज राजकन्या, इंग्रज राजा, आंदण, सात बेटं, कोळ्यांच्या चार झोपड्या, मग साहेब आला आणि बंदर झालं. वर ती 'बॉम बाइया' म्हणजे चांगला उपसागर ही व्युत्पत्ती. पोर्तुगीज भाषेत बाइया स्त्रीलिंगी आहे हो, 'बोआ' पाहिजे! मुंबादेवी तिथेच बसलेली असताना ही कसरत कशाला?

या पाण्याच्या काठावर साहेबाच्या आधी दीड हजार वर्षं व्यापार चालला होता. फक्त तो मुंबईत नव्हता. तो खाडीच्या आतल्या टोकाला होता, कल्याणला. कारण साधं आहे. माल देशावरून घाट उतरून बैलांच्या पाठीवर यायचा. जुन्नरहून नाणेघाट, खाली उतरलं की उल्हासचं खोरं. नाणेघाटात सातवाहनांचा लेख आहे आणि तो दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणतात तो. पाण्याने जितकं आत जाता येईल तितकं जायचं आणि बैलांचे कष्ट वाचवायचे, हा तेव्हाचा हिशेब. उथळ बुडाच्या गलबतांना खाडी पुरत होती.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक खलाशी-पुस्तकात सोपारा, कल्याण, चौल ओळीने येतात. कल्याणबद्दलची नोंद तर आजच्या पेपरात शोभेल अशी आहे. थोरल्या सातकर्णी या सातवाहन राजाच्या काळात ही रीतसर बाजारपेठ होती, पण आता दुसऱ्याच्या ताब्यात गेल्यापासून तिथे अडवणूक चालते, चुकून ग्रीक जहाज शिरलंच तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेतात. म्हणजे बंदरांची पळवापळवी दोन हजार वर्षांपूर्वीही होती, आणि माल गुजरातकडे वळवण्याची तक्रारसुद्धा! (याचा राजकीय अर्थ काढून खाली भांडू नये.) कान्हेरीच्या लेण्यांत कल्याण, सोपारा, चौलच्या दात्यांची नावं कोरलेली आहेत. तो पैसा या खाड्यांतूनच आलेला.

आणि घारापुरी. लोक लेणी बघतात, भेळ खातात, माकडांना शिव्या घालतात आणि परत येतात. त्या बेटाच्या किनाऱ्यालगत रोमन मद्यकुंभांची खापरं सापडली आहेत, हे कुणी सांगत नाही. तिथल्या वस्त्यांची नावंच बघा: राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर. ऐहोळेच्या 634 सालच्या शिलालेखात चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीने 'पुरी' जिंकल्याचं वर्णन आहे. पश्चिम समुद्राची लक्ष्मी म्हणजे ही पुरी, आणि तिच्यावर चालून गेल्या मदमस्त हत्तींसारख्या शेकडो नौका. ही पुरी घारापुरी की जंजिऱ्याजवळची राजपुरी यावर विद्वानांचं जमत नाही. मी उरणचा, मी कुठल्या बाजूला ते सांगायला नको. हत्तीवरून आठवलं, पोर्तुगिजांनी ज्या दगडी हत्तीवरून बेटाला एलिफंटा म्हटलं तो राजबंदरला होता. 1814 मध्ये त्याचं डोकं आणि मान ढासळली, 1864 मध्ये तुकडे मुंबईत आणले, आणि आता जोडलेला हत्ती राणीच्या बागेशेजारी भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. जाताना बघा बिचाऱ्याला.

उत्तर कोकणच्या शिलाहार राजांच्या वेळी मान ठाण्याकडे गेला. त्यांचा शेवटचा राजा सोमेश्वर देवगिरीच्या महादेव यादवाशी लढताना समुद्रात बुडाला. महादेवाच्या क्रोधापेक्षा त्याला वडवानल, म्हणजे समुद्रातला अग्नी, बरा वाटला, असं हेमाद्री लिहितो. जिंकणाऱ्याच्या पदरी असलेला माणूस असंच लिहिणार. पुढे 1516 च्या सुमाराला बार्बोसा हा पोर्तुगीज या भागाचं नाव लिहितो 'ताना-मायांबू'. ठाणे-मुंबई, एका दमात, आणि ठाणे आधी!

आता त्या आंदणाकडे येऊ, कारण खरी गंमत तिथेच आहे. लग्नाच्या तहात शब्द होते 'बंदर आणि बेट'. इंग्रज म्हणाले, बंदर म्हणजे सगळं पाणी आणि भोवतालचा मुलूखही. पोर्तुगीज म्हणाले, बेट घ्या आणि गप्प बसा. 1665 च्या फेब्रुवारीत ताबा मिळाला तो नुसत्या बेटाचा. साष्टी (मुंबईच्या उत्तरेचं मोठं बेट), ठाणे, कारंजा (म्हणजे आमचं उरण) पोर्तुगिजांकडेच. आणि ठाण्याला नि कारंजाला नाकी बसवून ते इंग्रजांच्या मालावर खुशाल जकात घेत. दरवाजा साहेबाचा, घर दुसऱ्याचं. त्या दरवाजाच्याही तोंडावर 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली. इंग्रजांची मोठी जहाजं वारा पडला की जागच्या जागी, आणि महाराजांच्या आरमारातल्या मायनाक भंडाऱ्याच्या वल्ह्यांच्या होड्या रात्रीतून रसद घेऊन पार. साष्टी 1737 मध्ये मराठ्यांकडे आली. साष्टी, घारापुरी, कारंजा इंग्रजांकडे पक्की झाली ती 1782 च्या सालबाईच्या तहात. म्हणजे बेट मिळाल्यावर 117 वर्षं! 'हुंड्यात बंदर मिळालं' म्हणणाऱ्यांनी हा आकडा लिहून ठेवावा.

मुंबई पुढे आली त्यात साहेबाचं डोकं होतंच, नाही कशाला म्हणू. पण त्याआधी गाळाने काम केलं होतं. खाड्या भरत गेल्या, जहाजांची बुडं खोल होत गेली, आणि व्यापार कल्याणहून ठाण्याला, ठाण्याहून मुंबईला असा तोंडाकडे सरकत आला. तसाच तो अजून सरकतोय. 1989 पासून मोठा माल उतरतो न्हावा-शेव्याला, म्हणजे पुन्हा मुख्य भूमीच्या बाजूला, घारापुरीच्या शेजारी. मुंबईच्या गोद्यांच्या जमिनीवर काय बांधायचं याच्या चर्चा चालतात, आणि आमच्या उरणचे रस्ते कंटेनरने भरलेत.

गेल्या रविवारी भाच्याला मुद्दाम लाँचने घेऊन आलो. अटल सेतूने गाडीतून जाऊया म्हणत होता. वाटेत सगळं दाखवलं, डोंगर, दात, फटी. मोरा समोर दिसायला लागला आणि लाँच थांबली. सुकती होती, खाली चिखल. तांडेल निवांत बिडी पेटवून बसला, भरतीला अजून पाऊण तास.

भाच्याने वाकून पाणी बघितलं, मग माझ्याकडे. "मामा, पाणी खोल आहे, त्याचा अर्धा मार्क परत द्यायचा का?"