काम नसताना आईला बोलवा

आमच्या वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा-मंगरुळपीरकडच्या खेड्यांत म्हातारी बाई परदेशी निघाली की पारावरचा पहिला प्रश्न ठरलेला: 'पोरीले दिवस गेले काय?' दिवस गेले नसतील तर नातवंड लहान असेल, नाहीतर कुणाचं ऑपरेशन असेल. साठी उलटलेली, बाबा गेल्यावर वावर स्वतः पाहणारी बाई नुसती कॅनडा बघायला चालली, हे माझ्या आईच्या बाबतीत गावाला पटेना. आमच्या चुलतकाकूंनी तर तिला तोंडावरच विचारलं, 'काम नाई तं कायले चालली मंग?'

परदेशी गेलेल्या मुलांवरून आपल्याकडे चालणारा वाद मी कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात राहून वर्षानुवर्षं ऐकते आहे. एक बाजू म्हणते, आईबापांना टाकून गेले. दुसरी म्हणते, म्हातारपणी त्यांना तिकडे नेऊन कोंडता कशाला? मग ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाच्या 2007 च्या कायद्याचा विषय निघतो. लातूर जिल्हा परिषदेने 2020 मध्ये आईबापांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून 30 टक्के कापायचा ठराव केला, त्याचं कौतुक होतं. ते व्हायलाच हवं. (त्या कायद्यात आईबापांची जबाबदारी मुलगे आणि लेकी दोघांवरही आहे, हे लेकीच्या दारी राहू नये म्हणणाऱ्यांनी एकदा वाचावं.) पण या सगळ्या बोलण्यात आईबाप म्हणजे सांभाळायची माणसं, एवढंच. त्यांना कुठे जावंसं वाटतं का, कधी, किती दिवस, हे त्यांना विचारलेलं मी फार कमी ऐकलं.

मुलं आईला फक्त बाळंतपणासाठी नेतात, हा गावातला आरोप मात्र खरा आहे, आणि तो आम्ही इकडच्या लोकांनी गप्प बसून ऐकून घेतला पाहिजे. बाळंतपणात आई हवी असते, नातवंडाची ओढ आजीलाही असते, त्यात वावगं काही नाही. पण सहा महिन्यांचं वर्ष होतं. कॅनडाचा सुपर व्हिसा 2022 पासून आईबापांना एका खेपेत 5 वर्षांपर्यंत राहू देतो. कायम वास्तव्यासाठी आईबापांना बोलवायच्या योजनेत 2020 नंतर नव्याने नावं घेणं उघडलेलंच नाही, म्हणून बहुतेकांचा भर सुपर व्हिसावर. सोय चांगली आहे, आणि मोहात पाडणारीही आहे. सकाळी सगळे कामावर गेले की बाई घरात एकटी. गाडी चालवता येत नाही, भाषा येत नाही, बाहेर बर्फ. गावात जिच्या सल्ल्याशिवाय पेरणीचं बियाणं ठरत नव्हतं, तिला इथे दूध कधी तापवायचं तेवढंच ठरवता येतं. अशा आज्या मी इथल्या मराठी घरांतून पाहिल्या आहेत. त्या तक्रार करत नाहीत, म्हणून सगळं ठीक आहे असं धरून चालू नये.

म्हणून मी आईला घरात कसलंही काम नसताना बोलावलं. तिची एकच अट होती: 'मिरगाच्या आत वापस.' कापूस वेचून झाला, तूर घरात आली की पाडव्यापासून मृगापर्यंतचे दिवस तिच्या हाती मोकळे असतात. इकडेही तोवर बर्फ सरत आलेलं असतं. साध्या व्हिजिटर व्हिसावर सहसा 6 महिन्यांपर्यंत राहता येतं, म्हणजे सुपर व्हिसाची गरजच नव्हती. सुपर व्हिसाला किमान 1 लाख डॉलरचा आरोग्य विमा सक्तीचा आहे. साध्या व्हिसाला ती सक्ती नाही, तरी विमा काढल्याशिवाय आईला विमानात बसवू नका. पाहुण्यांना इथली सरकारी आरोग्य योजना लागू नसते, आणि दवाखान्याचं बिल आपलं वावर विकूनही फिटणार नाही.

खेड्यातल्या बाईचा परदेश प्रवास विमानतळाच्या फार आधी, कागदांपासून सुरू होतो. आधारावर नावाला 'बाई' लागलेलं, शाळेच्या दाखल्यात ते नाही, सातबाऱ्यावर तिसरंच. तिच्या पिढीला पासपोर्टसाठी जन्मदाखल्याची सक्ती नाही, शाळा सोडल्याचा दाखला, पॅन यांतलं चालतं. पण नाव आणि तारीख सगळीकडे सारखी हवी. हे जुळवायला जो वेळ जातो तो व्हिसापेक्षा जास्त. गावातली ज्येष्ठांची काळजी खरी असेल, तर ग्रामपंचायतीने वर्षातून एकदा या म्हाताऱ्या बायांचे कागद जुळवून द्यावेत. परदेशी कुणी जावो न जावो, पेन्शनला आणि वारसनोंदीला तेच कागद लागतात.

दुसरं माझं ठाम मत: पहिल्या खेपेला आईला एकटीनं बोलवू नका, घेऊन जायला या. रजा जाते, तिकिटाचे पैसे जातात, जाऊ द्या. मी गावात गेले, आणि आम्ही तिच्याच दारातून निघालो. कारंजाला गुरुमंदिरात तिनं डोकं टेकवलं, मग समृद्धी महामार्गानं नागपूर. बॅग भरताना खोबऱ्याच्या वाट्या मी बाहेर काढल्या, कारण सुकं खोबरं तेलकट, पेट घेणारं म्हणून सामानात चालत नाही. मेथीचं बी, अंबाडीचं बी तिनं वावरातून वेगळं काढून ठेवलं होतं, तेही काढावं लागलं. दुसऱ्या देशाच्या मातीत बी असं नेता येत नाही. जवसाची चटणी, मुगवड्या राहिल्या. कॅनडात उतरताना खाण्याचं जे काही असेल ते सांगायचं असतं, लपवलं तर दंड होतो. गोळ्या मात्र चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत.

व्हीलचेअरवर ती नागपूरला चिडलीच. 'मी काय लंगडी हाव?' दिल्लीचं लांबलचक चालणं पाहिल्यावर बसली. ही सेवा सहसा फुकट असते, तिकीट काढतानाच सांगून ठेवावी. पायांपेक्षा तिचा जास्त उपयोग रांगांसाठी आणि इमिग्रेशनच्या प्रश्नांसाठी होतो. दिल्लीहून पुढे चौदा-पंधरा तास. तिनं चपला काढून पाय वर घेतले, पदरावरून पट्टा बांधून घेतला. दर दोन तासांनी मी तिला उठवायचे, कारण इतका वेळ बसून पायांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका असतो. खुर्च्यांच्या पाठी धरत ती शेवटपर्यंत जायची, परत यायची, आणि झोपलेल्या माणसांकडे पाहत मला हळूच विचारायची, 'हे सारे कामालेच चालले काय वो?'

इथे आल्यावर तिला नायगाराच्या धबधब्यापेक्षा शेतं बघायची होती. दक्षिण ऑन्टॅरिओत सोयाबीन पुष्कळ होतो. मे महिन्यात पेरणी चालू असताना आम्ही रस्त्याकडेला गाडी थांबवली. एवढ्या मोठ्या वावरात एकच माणूस, आणि यंत्र. तिनं ढेकूळ उचलून चिमटीत फोडलं, 'आपल्यासारखी काळी नाई' म्हणाली, आणि भाव विचारायला लावला. इथल्या एकट्या राहणाऱ्या बाया स्वतः गाडी चालवत लायब्ररीत येतात, हे तिनं फार बारकाईनं पाहिलं. त्यांना भेटायला कोण येतं, हेही विचारलं. त्याचं उत्तर माझ्याकडे दर वेळी नव्हतं.

मृगाआधी ती परत गेली. आता तिला इथली सोयाबीनची काढणी बघायची आहे. ती साधारण आपल्याकडच्याच वेळेला येते, म्हणजे एक हंगाम वावर बटईनं, पिकाच्या वाट्यावर दुसऱ्याला कसायला, द्यावं लागेल. भाऊ नको म्हणतो, मी दे म्हणते, काकूंचं मत तिसरंच आहे. बटईचे सौदे पाडव्याच्या सुमारास होतात. तोवर ती ठरवेल.