कूलंटची गळती कशी जोपासावी

सकाळी गाडीखाली डाग दिसला की पहिलं काम म्हणजे गाडी चार फूट पुढे घेणं. डाग मागे राहतो, चिंताही मागे राहते. बोट लावून बघण्याच्या फंदात पडू नका. एसीचं पाणी असेल तर ते स्वच्छ आणि बिनवासाचं निघेल. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) असेल तर बोटाला बुळबुळीत लागेल, रंग दिसेल, गोडसर वास येईल आणि तुमची सुट्टी बरबाद होईल. (डाग मात्र धुऊन टाका, इथे थट्टा नाही. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोडंसं पोटात गेलं तरी त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात.)

आता रोजचा नैवेद्य. कूलंटच्या बाटलीतली पातळी उतरली की नळाचं पाणी ओता. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घातलं तर ते उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही आणि गंजही धरू देत नाही, पण मोजमापाची कटकट कोणी करावी? नळाच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत खपली धरतात, गंजरोधक रोज थोडं थोडं पातळ होतं आणि एका गळतीला लवकरच भावंडं होतात. कधी हौस आलीच तर हिरव्या कूलंटमध्ये गुलाबी ओता. रंग हा नुसता रंग असतो, त्यावरून आतलं रसायन कळत नाही. मॅन्युअलमध्ये कोणतं स्पेसिफिकेशन लिहिलंय ते वाचायचं असतं. म्हणूनच मॅन्युअल डॅशबोर्डच्या कप्प्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, कोरं करकरीत शोभतं.

रेडिएटरचं झाकण कधी उघडायचं? इंजिन सणसणीत तापलेलं असताना. साधारण १ बार दाबाखाली हे मिश्रण सव्वाशे अंशांच्या आसपासही उकळत नाही. झाकण फिरवून तुम्ही दाब सोडला की ते एका क्षणात उकळतं आणि तोंडावर कारंजं येतं. वरचा होज पाईप हाताला थंड आणि दाबला तर मऊ लागेपर्यंत थांबणारे लोक वेळ वाया घालवतात. त्या झाकणाचं रबर आणि स्प्रिंग सैल झाली तरी कूलंट बाहेर जातं, पण बदलायला इतकी स्वस्त गोष्ट आधी तपासली तर मेकॅनिकला काय वाटेल!

प्रेशर टेस्टर नावाच्या यंत्रापासून चार हात लांब राहा. थंड इंजिनवर झाकणाच्या जागी ते बसवतात, हातपंपानं झाकणावर छापलेल्या आकड्याइतकाच दाब देतात (बहुधा ०.९ ते १.१ बार) आणि पंधरा मिनिटं काट्याकडे बघत बसतात. काटा उतरला की टॉर्च घेऊन शोध. बारीक गळती गरम इंजिनवर वाफ होऊन उडून जाते, खाली थेंबही पडत नाही. मागे उरतो फक्त पांढरट किंवा हिरवट चट्टा. तो होजच्या टोकाशी, रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी ॲल्युमिनियमला जोडलेली असते त्या कडेला, किंवा वॉटर पंपाखाली सापडतो.

वॉटर पंपाला खाली एक छोटं भोक असतं. ते बनवणाऱ्यानं मुद्दाम ठेवलेलं असतं: आतलं सील गेलं की कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर यावं आणि तुम्हाला कळावं म्हणून. तिथून गळताना दिसलं की एम-सील लावून भोक बुजवा. बेअरिंग धुऊन निघेल, पंप खडखडायला लागेल, आणि तो टायमिंग बेल्टवर (व्हॉल्व्ह आणि पिस्टन तालात ठेवणारा पट्टा) चालणारा असला तर जाताना बेल्टलाही सोबत नेईल.

होज गळतोय? क्लॅम्प अंगात असेल तेवढ्या जोरानं आवळा. होज कापला जाईल किंवा रेडिएटरची प्लॅस्टिकची मान तडकेल, म्हणजे एका होजच्या कामात अख्खा रेडिएटर बदलून होईल. तरी गळतंच आहे? मग थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारी झडप) काढून फेका. रोग रेड्याला, औषध पखालीला. गळती तशीच राहील, वर इंजिन कधी नीट तापणार नाही आणि पेट्रोल जास्त पिईल. गळती बंद करणारी पूड तर हवीच: तिला भोक आणि हीटरची बारीक नळी यातला फरक कळत नाही, दोन्ही सारख्याच निष्ठेनं बुजवते.

चुकून कोणी योग्य मापाचा होज बसवलाच, तर निदान हवा काढू देऊ नका. हीटर पूर्ण गरमवर ठेवून, गाडी थंड असतानाच झाकण उघडून इंजिन चालू करायचं, थर्मोस्टॅट उघडून बुडबुडे थांबेपर्यंत थोडं थोडं कूलंट भरत राहायचं आणि रेडिएटरचा पंखा लागेपर्यंत वाट बघायची, हे सगळं त्या हवेसाठी. आत अडकलेला एक फुगा नव्या होजवरही गाडी तापवून दाखवतो.

बाहेर कुठे थेंब नाही, तरी पातळी उतरते? काचेवर चिकट धुकं आणि पायाखालचं कार्पेट ओलं असेल तर हीटर कोअर (केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर) गळतोय. बाटलीत बुडबुडे, सायलेन्सरमधून गोड वासाचा पांढरा धूर, डिपस्टिकवर दुधाळ ऑइल असेल तर हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलंय. याची खात्री करायला एक निळं द्रव असतं, कूलंटच्या वरच्या हवेत जळालेला गॅस असला की ते पिवळं पडतं. तुम्ही त्या धुराला थंडीतली वाफ म्हणा आणि चालवत राहा. ॲल्युमिनियमचं हेड वाकायला फार लागत नाही. पुष्कळ इंजिनांत ०.०५ मिलिमीटरच्या पुढे वाकलं की ते फेसिंगला (घासून सपाट करायला) जातं.

शेवटी तापमानाचा काटा. तो आधी वर चढेल, तेव्हा त्याच्याकडे बघू नका. मग एकदम खाली येईल. आता खुशाल बघा. सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो तोवरच खरं बोलतो. कूलंट संपलं की तो कोरडा लटकतो आणि गाडी थंड झाल्याचं सांगतो. गाणी लावा, वेग वाढवा. बाटलीत पाणी ओतायचं काम आता उरलेलं नाही.