आत्मचरित्र शिकवावं, पण बेताने

समजा, यंदा शिकवायला तुमच्या वाट्याला आनंद यादवांचं ‘झोंबी’ आलं आहे. कॉलेज मुंबईतलं, वर्गाचा पट ८०, तास ४५ मिनिटांचा. त्यातली १० मिनिटं हजेरीत जाणार आणि ५ ‘सर, हार्बर लाइन बंद होती’ ऐकण्यात. तरी घाबरून जाऊ नका. शाळेसाठी बापाशी झोंबलेल्या पोराचं अख्खं बालपण पाच गुणांच्या उत्तरात बसवायची रीत आपल्याकडे कधीचीच पक्की झाली आहे. तुम्ही फक्त तिच्यात स्वतःचं डोकं घालू नका.

खरा धोका पुस्तकाचा असतो. ते वर्गात आणूच नका. एक तर जाडजूड, आणि दुसरं म्हणजे एकदा हातात पडलं की काही पोरं वाचत सुटतात. त्याऐवजी फळ्यावर लेखक-परिचय लिहा. जन्म ३० नोव्हेंबर १९३५, कागल, जिल्हा कोल्हापूर. ‘झोंबी’ प्रसिद्ध १९८७, साहित्य अकादमी पुरस्कार १९९०. पुढचे भाग ‘नांगरणी’, ‘घरभिंती’, ‘काचवेल’. हे उतरवून घेताना वर्ग गप्प बसतो, हाच आत्मचरित्राचा मोठा उपयोग. प्रस्तावना पु. लं.ची आहे हेही ठणकावून सांगा. तिच्यात काय आहे, असं कुणी विचारणार नाही. तुम्हालाही नाही.

मग ‘संघर्ष’ हा शब्द द्या. जोडीला जिद्द, चिकाटी, प्रतिकूल परिस्थिती आणि शेवटी ‘प्रेरणादायी’. एवढ्या सामानावर मराठीतली सगळी आत्मचरित्रं निघतात. यादवांच्या जागी ऊर्मिला पवारांचं नाव घातलं की ‘आयदान’चं उत्तर तयार, दया पवारांचं घातलं की ‘बलुतं’चं. लक्ष्मीबाई टिळक मात्र जरा त्रास देतात. ‘स्मृतिचित्रे’त बाई स्वतःच्या हालांवर खुशाल हसतात. हसणारं माणूस संघर्षाच्या चौकटीत बसत नाही, तेव्हा ती पानं वगळा.

बापाची वासलात चटकन लावा. ‘वडील : निर्दयी, शिक्षणाचे विरोधक.’ एवढं पुरे. यादवांनी घोळ असा घातलाय की बापाचा हिशेबही पानावर मांडून ठेवलाय. गावात सगळ्यांच्या आधी आपलं गुऱ्हाळ लावायचं, म्हणजे भाव बरा मिळतो. बाकीचे ऊस अजून उभा ठेवतात, हा घाई करतो. पोर शेतावर राबणार आणि हा गावभर हिंडणार, तेही आहेच. पण मशीद बंदरला बापाच्या गाळ्यावर बसणारा एखादा कॉमर्सचा पोरगा नेमका उठून विचारेल, “सर, भाव बरा मिळत होता, तर बापाचं चुकलं कुठे?” इथे चर्चा सुरू व्हायची भीती असते. लगेच ‘विरुद्धार्थी शब्द लिहा’कडे वळा.

पुढे गावातल्या वजनदार दत्ताजीराव देसायांचा प्रसंग येतो. ते कान उपटतात तेव्हा कुठे बाप शाळेला हो म्हणतो, तेही अटी घालून. दिवस उगवायला शेतावर हजर. अकरापर्यंत पिकाला पाणी. तिथून सरळ शाळा. शाळा सुटली की दप्तर घरात टाकून तासभर गुरं चारायची. हे वाचताना मागच्या बाकावर लक्ष ठेवा. तिथे रोज झोपणारा एक असतोच. तो पहाटे दादरच्या फूल मार्केटात मामाकडे झेंडूच्या गोणी उतरवून आलेला असतो. बाकी कशाने जागा होत नाही, पण या अटी ऐकून होईल आणि म्हणेल, “सर, हा तर माझा टाइमटेबल आहे.” वर्ग हसेल. तुम्हीही हसा आणि पान उलटा. हेच त्याने पेपरात लिहिलं तर लाल शाईने शेरा मारा, ‘पाठाबाहेरचे’. पाठ एका मुलाच्या बालपणाबद्दल आहे. या मुलाचं बालपण अभ्यासक्रमात नाही.

सगळ्यात सांभाळायचं ते सौंदलगेकर मास्तरांना. हे मराठीचे मास्तर कविता चालीवर म्हणत, हावभाव करत, आणि स्वतःही कविता करत. त्यांच्या दाराशी मालतीची वेल होती. तिच्यावर त्यांनी कविता लिहिली. पोराने वेलही पाहिलेली, कविताही ऐकलेली. तेव्हा त्याला उमगलं की कवी आपल्यासारखीच हाडामांसाची माणसं असतात, आणि आपल्या शेतात, गावातही लिहिण्याजोगं पुष्कळ आहे. मग गुरं राखताना कागद नसला की गडी काटकीने म्हशीच्या पाठीवर ओळी लिहायचा, नाहीतर खड्याने दगडावर.

हा भाग शिकवणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. उद्या तो झेंडूवाला पोरगा टेम्पोच्या मागच्या धुळीत बोटाने काहीतरी लिहून ठेवेल, आणि ‘बघा ना’ म्हणून तुम्हाला स्टाफरूममधून खाली बोलावील. शिवाय पोरं विचारणार, सर, तुम्ही काय लिहिता? आपण उत्तरपत्रिकांवर लिहितो. तर हा प्रसंग एका ओळीत आटपा : ‘लेखकाच्या जडणघडणीत शिक्षकांचा मोलाचा वाटा आहे.’ आपल्याही व्यवसायाचा तेवढाच मान राहतो.

गृहपाठ द्यायचाच तर ‘माझे बालपण’ द्या. नमुना आधी वाचून दाखवा : नदीकाठचं टुमदार गाव, अंगणात प्राजक्त, आजीची गोधडी. मानखुर्दच्या एसआरए, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत नवव्या मजल्यावर राहणारी पोरगी इमानदारीने नदी लिहून आणते. तिने नदी पाहिलीय ती मिठी, आणि तीही ट्रेनमधून. पण शुद्धलेखन चोख असतं. कधी एखादी चुकून लिहिते की लिफ्ट बंद असते, आईबरोबर पाण्याचे कॅन वर चढवताना पाढे पाठ झाले, सतराचा पाढा सातव्या मजल्यावर. असं वाचून क्षणभर आपल्याला बरं वाटतं. ते मनावर घेऊ नका. ‘भाषा अलंकारिक हवी’ असं लिहून अर्धा गुण कापा.

‘बलुतं’ लावलं असेल तर आणखी जपून. १९७८चं पुस्तक, ग्रंथालीचं. लेखक स्वतःतल्याच दगडूला समोर बसवून बोलतं करतो, त्यामुळे ‘नायक कोण’ या एका गुणाच्या प्रश्नाचं मातेरं होतं. त्यातली कावाखाना ही वस्ती मुंबईतच, नागपाड्याच्या बाजूला. मुंबई सेंट्रलहून चालत जाता येतं. सहल तिकडे नेऊ नका, नेहरू तारांगणाला न्या. आणि जात हा शब्द उत्तरात येता कामा नये. ‘समाजातील काही अनिष्ट प्रथा’ असं लिहायला शिकवा. त्या प्रथा कुणी पाळल्या, कुणावर लादल्या, आणि वर्गात आज त्यांचं काय चाललंय, हे ‘काही’मध्ये सगळं मावतं.

हल्ली स्टाफरूममध्ये नवी हळहळ ऐकू येते : पोरं एआयकडून उत्तरं लिहून घेतात, सगळी सारखीच! यात रडण्यासारखं काय आहे, मला समजत नाही. ‘स्वमत’ म्हणून प्रश्न विचारायचा आणि त्या मताचं आदर्श उत्तर गाइडात छापायचं, हे आपण विनातक्रार वर्षानुवर्षं चालवलं. ८० पोरांचं एकच स्वमत तपासताना आपल्याला कधी चुकल्यासारखं वाटलं नाही. मशीन निदान आकार-उकार नीट देतं. तो त्याचा अर्धा गुण त्याला द्या.

एवढं करूनही एखादा हाताबाहेर जातोच. तो पुस्तक कुठूनतरी मिळवून पूर्ण वाचतो आणि एक दिवस दाराशी उभा राहून विचारतो, “सर, ‘नांगरणी’ मिळेल का?” बहुधा तो मागच्या बाकावरचाच असतो. त्याला सांगा, सिलॅबसमध्ये नाही. तरी हटला नाही तर ग्रंथालयात पाठवा. देवघेवीची वेळ ११ ते १२ अशी आधीच ठरवून घेतलेली असावी, आणि तुमचा तासही त्याच वेळी. कपाटाची किल्ली शिपायाकडे असतेच, शिपाई रजेवर असतोच. मात्र दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ सालचं, आणि पोराला दादरच्या गल्ल्या तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक. तिथे आपला इलाज चालत नाही. वर्गणी भरावी लागते, एवढ्यावरच काय तो भरवसा.